अकिकी दिसली नाही

यादीत तिचं नाव मी ओळखपत्रावर होतं तसंच लिहिलं होतं: कबाहेंडा. सकाळी सात वाजता जंगलाच्या फाटकाजवळच्या शेडखाली मी यादी वाचायला घेतली, आणि त्या नावाला कोणी ओ दिली नाही. बाकावर एक म्हातारी काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडेच बघत होती.

"कबाहेंडा?" मी पुन्हा म्हटलं.

"ती सरकारी कागदात असेल," म्हातारी म्हणाली. "तू कुणाची गं? आईने काही विचारायला शिकवलं नाही?"

चूक माझीच होती. आमच्या टोरो भागात मोठ्या माणसाला नुसत्या नावाने पुकारत नाहीत. आधी एम्पाको विचारतात. एम्पाको मोजून डझनभर आहेत. प्रत्येक बाळाला नावाबरोबर त्यातलं एक मिळतं. नाव कागदासाठी, एम्पाको माणसांसाठी. ते ठाऊक नसेल तर साधं 'कशा आहात' देखील विचारता येत नाही. मी यादी खाली ठेवली आणि तिच्यासमोर गुडघे टेकले.

"तुमचं एम्पाको?"

"अत्वूकी. तुझं?"

"अब्वूली."

"रात्र कशी गेली, अब्वूली?"

"बरी गेली, अत्वूकी. तुमची?"

"गुडघ्यांची वाईट गेली. माझी बरी." ती हसली. पुढचे दोनच दात होते. "आता विचार काय विचारायचं ते."

वर्षातून एकदा जंगलाकाठच्या गावांसाठी चिठ्ठ्या काढतात. ज्यांची निघेल त्यांना एक सकाळ जंगलात जाता येतं, आणि चिंपांझी सापडले तर त्यांच्याजवळ एक तास थांबता येतं. या वर्षी सात जणांची निघाली होती. सहा जण दुसऱ्या वाटाड्याबरोबर पुढे गेले. अत्वूकीच्या गुडघ्यांना तो वेग झेपणार नव्हता, म्हणून तिला मी नेणार होते. मी प्रश्न सुरू केले: खोकला? ताप? जुलाब? माणसाची साधी सर्दी चिंपांझींना लागते आणि त्यात ते मरतात, हेही सांगायला लागले.

"मला सांगतेस?" ती म्हणाली. "घरात कोणी शिंकलं की माझा नवरा अंगणात झोपायला जायचा. त्यांना लागू नये म्हणून. मला लागलं तर चालत होतं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "तुम्ही अरालींच्या..."

"मी अरालींची. आणि मला अकिकी दाखव. बाकीचे दाखवले नाहीस तरी चालेल."

अराली यांना मी कधी पाहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी एका पहाटे गमबूट चढवता चढवता ते गेले. मी त्यानंतर सहा महिन्यांनी, विद्यापीठातून थेट, इथे चिंपांझींच्या नोंदी ठेवायला रुजू झाले. मी त्यांना ओळखते ती त्यांच्या अक्षरावरून. अठ्ठावीस वर्षांच्या नोंदवह्या आहेत, तिरप्या, बारीक अक्षरातल्या. कोणता चिंपांझी किती वाजता घरट्यातून उतरला, काय खाल्लं, कोणाशेजारी बसला. नोंदीत चिंपांझींची नावं परदेशी संशोधकांनी ठेवलेली आहेत. पण मार्ता नावाच्या एका मादीपुढे अराली प्रत्येक वेळी कंसात 'अकिकी' हे माणसांचं एम्पाको लिहायचे. एका साहेबाने त्याखाली लाल शाईत लिहिलंय: 'हे कृपया थांबवावे.' पुढच्याच ओळीत पुन्हा कंस, पुन्हा अकिकी.

आणि माझ्या अक्षरातल्या ताज्या नोंदवहीत त्याच नावापुढे सत्तेचाळीस दिवस एकच शेरा होता: दिसली नाही.

हे मला त्याच क्षणी सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात अमूती आला. अमूती आमचा सगळ्यात जुना माग काढणारा, अरालींबरोबर अगदी पोरवयापासून चाललेला.

"अत्वूकी! आज मुसळ घरी विसरलात वाटतं?"

"तुझ्यासाठी काठी पुरे आहे," ती म्हणाली.

मुसळाची गोष्ट मला अमूतीने तोवर चारदा तरी सांगितली होती, पण वाटेला लागल्यावर तिने स्वतः सांगितली ती वेगळीच होती. लग्नाला तेव्हा वर्ष झालं नव्हतं. अराली घरी आले की गप्प जेवायचे, आणि बोलले तर एकच विषय. आज अकिकी दिसली नाही. अकिकीच्या पायाला लागलंय. अकिकी आज माझ्यापासून दहा पावलांवर येऊन बसली.

"आता तूच सांग," अत्वूकी म्हणाली, "एम्पाको कुणाला असतं? माणसाला. मी म्हटलं चहाच्या मळ्यातली कोणीतरी आहे. तोडणीला येणाऱ्या बायका काय कमी होत्या? तरी गप्प बसले. एका संध्याकाळी मी माटोकेची उकडलेली केळी पानातून सोडवत होते, तर हा आला हसत हसत आणि म्हणतो, अकिकीला दिवस गेलेत असं वाटतंय."

मी हसू दाबलं. अमूतीने दाबलं नाही.

"दुसऱ्या दिवशी पहाटे मुसळ घेऊन फाटकावर गेले. हा अमूती तेव्हा मिसरूड न फुटलेला. मी म्हटलं, कुठंय ती सटवी? हा म्हणतो, झाडावर आहे."

"खरं तेच सांगितलं," अमूती म्हणाला.

"मी म्हटलं, उतरव तिला! तर म्हणतो, ऊन आल्यावर उतरेल, रोज उतरते."

अराली मागून आले, सगळा प्रकार समजल्यावर मुळावर बसून रडेपर्यंत हसले, आणि म्हणाले, एक दिवस दाखवतो तुला. मग मुलं झाली. मग जंगलाचे नियम बदलले, कामगारांच्या घरच्यांना आत सोडेनात. मग मक्याचा हंगाम, मग गुडघे. एक दिवस दाखवतो. अठ्ठावीस वर्षं.

आम्ही हळू चाललो होतो. दर शंभर मीटरला ती काठीवर भार टाकून उभी राहायची, पण थकून नाही. ऐकत असायची. वर लाल कोलोबस माकडं एका फांदीवरून दुसरीवर अंग टाकत होती आणि पानांतलं रात्रीचं पाणी आमच्यावर पडत होतं. जंगलापासून अर्ध्या मैलावर ती जन्मभर राहिली, आणि जंगल म्हणजे तिच्यासाठी रात्री शेतात येणारे हत्ती आणि मका चोरणारे बबून एवढंच होतं. तरीही तिला वाट माहीत होती.

"आता उतार लागेल. खाली ओढा. ओढ्यावर आडवा ओंडका."

उतार लागला. खाली ओढा होता. त्यावर दोन फळ्या टाकलेल्या होत्या.

"ओंडका कुठंय?"

"कुजला," अमूती म्हणाला. "मागच्या वर्षी."

"त्याने सांगितलं नाही," ती म्हणाली. मग तिच्याच लक्षात आलं आणि ती फळीकडे बघत राहिली. फळी ओलांडताना तिने माझा दंड धरला. तिचा हात उबदार आणि फार हलका होता.

"तू हिशेबी दिसतेस," ओढ्यापलीकडे ती म्हणाली. "सगळं लिहून ठेवतेस. मग हे बघ. तो पहाटे चारला जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. माझ्या वाट्याला आला तो कंदिलाच्या उजेडातला. दिवसाचा सगळा तिच्याकडे. मला तिचं काही नको. फक्त बघायचंय, एवढा वेळ तो कुणाकडे बघत होता."

मी ठरवलं होतं, ओढ्याच्या आधी सांगायचं. आता ठरवलं, चिंपांझी जमतात त्या उंबराच्या आधी. म्हाताऱ्या माद्या महिना महिना एकट्या फिरतात, हे खरं आहे. सत्तेचाळीस दिवस न दिसणं म्हणजे मरण नव्हे, हेही खरं आहे. आम्ही पूर्ण वर्ष थांबतो आणि मगच नाव वगळतो. पण अकिकी पन्नाशीला आली होती, आणि शेवटच्या नोंदीत मीच लिहिलं होतं की ती फांदी चढताना दोनदा थांबली.

अत्वूकी एका मुळावर टेकली तेव्हा अमूतीने मला बाजूला घेतलं.

"उंबरावर रूथ आहे. तीही म्हातारी. सांगू ही अकिकी."

"अकिकीच्या डाव्या पायाला बोटं नाहीत. शिकाऱ्याच्या फासात तुटली. रूथची आहेत."

"पायाची बोटं कोण मोजतंय?"

"मी."

"मोजतेस म्हणून तर अजून लग्न जमत नाही तुझं," अमूती म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "अब्वूली, मी अरालीला खांदा दिलाय. ही बाई दोन वर्षं चिठ्ठीची वाट बघत होती. रिकाम्या हाताने पाठवू?"

मी म्हटलं, मी सांगते तिला. कधी, ते म्हटलं नाही.

उंबर दिसण्याआधी ऐकू येतो. फळं पिकली की धनेश पक्ष्यांचा गोंगाट असतो, आणि त्या दिवशी त्याखालून चिंपांझींचा तो चढत जाणारा हुंकार आला, आणि लगेच कोणीतरी झाडाच्या रुंद मुळांवर पायांनी ढोल वाजवावा तसं दणादण वाजवलं. अत्वूकी जागच्या जागी थांबली. आम्ही मास्क चढवले. पुढे गेलेले सहा जण झाडाच्या पलीकडे बसले होते. त्यांचा तास आधीच सुरू झाला होता. मी मोजले: वर सात, खाली दोन. खालच्या दोघांत एक होती रूथ. मुळाला पाठ लावून बसलेली, पाठीवरचे केस राखाडी, ओठात पडलेलं उंबर चेपत.

मी वळेपर्यंत अमूती अत्वूकीच्या कानाशी वाकला होता.

"ती," तो म्हणाला.

अत्वूकीने माझी बाही धरली. गुडघ्यांची सरळ व्हायची सवय मोडली होती, तरी ती सरळ उभी राहिली, डोक्यावरचं फडकं नीट केलं, आणि मास्कमागून, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "रात्र कशी गेली, अकिकी?"

रूथने वर पाहिलं. दंड खाजवला. पुन्हा खाली पाहिलं.

अत्वूकी पुढची पंधरा मिनिटं हलली नाही. मी चिंपांझींकडे बघायला शिकले आहे, माणसांकडे नाही, तरी त्या दिवशी मी तिच्याकडेच बघत होते. ती रूथला पायापासून डोक्यापर्यंत, पुन्हा पायापर्यंत, सावकाश वाचत होती. एकदा मान हलवली, जशी आपण एखाद्या घरी जाऊन, बरं, हे असं आहे होय, म्हणतो. मला वाटलं अमूतीचं बरोबर होतं. काय बिघडणार होतं? कोणत्याही वहीत हे लिहिलं जाणार नव्हतं.

मग ती माझ्या कानाशी आली.

"एक सांग. तो गेल्यावर हिने काय केलं? वाट बघितली का? तो बसायचा तिथे आली?"

मी होय म्हटलं असतं तर तिला पुरलं असतं. पण हा प्रश्न होता, खरा, उत्तर असलेला किंवा नसलेला, आणि तो तिने मला विचारला होता, मी लिहून ठेवते म्हणून. माझ्या तोंडून दुसरंच निघालं.

"अत्वूकी, ही ती नाही."

तिने बाही सोडली.

"अकिकी सत्तेचाळीस दिवस दिसलेली नाही. मी तुम्हाला सकाळीच सांगायला हवं होतं."

आम्ही झाडापासून मागे आलो, बोलता येईल इतक्या लांब. तिने मास्क खाली ओढला आणि आधी अमूतीकडे वळली.

"लबाडा. लग्नात नवरी बदलतात तसं केलंस?"

"तुमच्या चांगल्यासाठी केलं, अत्वूकी."

"तुझं चांगलं तुझ्या बायकोकडे ने. ती घेते का बघ." मग ती उंबराकडे पाहून म्हणाली, "आणि त्या बिचारीचा काय दोष? मी तिला दुसरीच्या एम्पाकोने हाक मारली. तिचं काय आहे?"

"तिचं नाही ठेवलेलं," मी म्हटलं. "अकिकीशिवाय कोणाचंच नाही."

हे तिला माहीत नव्हतं.

"मेली का ती?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"देह सापडलेला नाही. आम्ही एक वर्ष थांबतो."

"एक वर्ष," ती म्हणाली. "बरं आहे तुमचं. मलाही आवडलं असतं. माझ्या तर डोळ्यांदेखत पुरला." काठीने तिने पालापाचोळा थोडा उकरला. "आणि मी विचारलं त्याचं? तो गेल्यावर? खऱ्या अकिकीने काय केलं?"

याचं उत्तर मी शोधलेलं होतं. रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात, फक्त कुतूहल म्हणून.

"त्या दोन दिवसांची नोंद नाही."

"का?"

"पानं कोरी आहेत. सगळे तुमच्याकडे आले होते, दफनाला. तिच्याकडे बघायला जंगलात कोणी नव्हतं."

अमूती खाली बघत होता. त्या दिवशी खांदा द्यायला तो होता. अत्वूकीने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि मला वाटलं ती आता रागावेल किंवा रडेल. ती म्हणाली, "तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी सहा पन्नासला घरट्यातून उतरली. पानं खाल्ली. दुपारी एकटी होती."

"एकटी नेहमी असायची?"

"बऱ्याचदा असायची."

"म्हणजे त्यावरून काही कळत नाही."

"नाही कळत," मी म्हटलं. ती माझी परीक्षक असती तर मला ती आवडली असती.

तिच्या तासातली पस्तीस मिनिटं उरली होती. पलीकडे ते सहा जण माना वर करून बसले होते. झाडावर एका मादीने पिल्लू पोटाला लावून फांदी बदलली आणि कोणीतरी आनंदाने आवाज केला. मी म्हटलं, पुन्हा झाडापाशी जाऊ या, अजून वेळ आहे. अत्वूकीने नकारार्थी मान हलवली.

"शेवटची कुठे दिसली?"

"लांब आहे. अर्धा तास, तुमच्या पायांनी पाऊण. तिथे काही नाही आता. फक्त घरटं आहे."

"घरटं टिकतं?"

"त्या झाडाचं टिकतं, दोन-तीन महिने. ते रोज संध्याकाळी नवं करतात. जुन्यात परत झोपत नाहीत."

"म्हणजे तो रोज वेगळ्या झाडाखाली जाऊन बसायचा?"

"रोज. संध्याकाळी कुठे झोपली ते बघून यायचे आणि पहाटे ती उतरायच्या आत तिथे पोचायचे."

"आणि मी म्हणायचे, एवढ्या लवकर कशाला जातोस, ती काय पळून जाणार आहे." ती काठी घेऊन निघाली होती. "चला."

अमूतीने मला डोळ्यांनी विचारलं. चिठ्ठीवर तासाचा नियम होता तो चिंपांझींजवळ थांबण्याचा. रिकाम्या घरट्यासाठी नियमच नव्हता. तो पुढे झाला आणि कोयत्याने वेली बाजूला करू लागला. या वेळी ती कुठेही थांबली नाही. ही वाट तिने ऐकलेली नव्हती, त्यामुळे ओळखण्यासारखं काही नव्हतं. एके ठिकाणी हत्तीच्या पावलांत पाणी साचलं होतं, तिथे अमूतीने तिला पाठीवर घेतलं, आणि ती त्याच्या कानाशी म्हणाली, "अराली असता तर तू हे करायला धजला असतास का?" अमूती म्हणाला, "अराली असता तर त्याने उचललं असतं. मला कशाला कंबर मोडून घ्यायला लावलं असतं?" पाठीवरूनच तिने त्याच्या टाळूवर टपली मारली.

झाड साधंच होतं. अकरा मीटरवर, मी मोजलेलं, दोन फांद्यांच्या बेचक्यात घरटं: मोडून आत वळवलेल्या डहाळ्या, पानं सुकून तपकिरी झालेली. मधून आभाळ दिसत होतं. मी तिला दाखवलं, ती कुठून वर गेली, कुठे दोनदा थांबली. तेही सांगितलं. सगळंच सांगायचं ठरवलं होतं.

"आणि तो असता तर कुठे बसला असता?"

यावर मी अमूतीकडे पाहिलं. अमूतीने जागा शोधली, थोडं डावीकडे, थोडं मागे, आणि एका झाडाच्या बुंध्याजवळ पाय आपटला. "इथे. वारा समोरून यायला हवा. वास वर जाता कामा नये."

अत्वूकी तिथे गेली. बसली नाही, बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. मास्क काढून तिने ब्लाउजमध्ये खोचला. इथे तो लागणार नव्हता. मग वर पाहून, फाटकावर माझ्याशी बोलली होती त्याच आवाजात, अजिबात न कुजबुजता ती म्हणाली, "रात्र कशी गेली, अकिकी?"

आमच्यात असा प्रश्न विचारला की समोरच्याने तुमचं एम्पाको घेऊन उत्तर द्यायचं असतं. ते येईपर्यंत विचारणारा हलत नाही. पाठ फिरवणं उद्धटपणा होतो. ती थांबली. मीही थांबले. वर एक सुकलेलं पान वाऱ्याने उलटंसुलटं होत होतं.

अमूतीला ते सहन झालं नाही. आवाज बारीक करून, झाडाआडून तो म्हणाला, "बरी गेली, अत्वूकी."

"तू गप्प बस," ती मान न वळवता म्हणाली. "तुला नाही विचारलं."

माझ्या खिशातल्या वॉकीटॉकीवर पुढच्या गटाने कळवलं की ते फाटकाकडे परत निघालेत. मी आवाज बंद केला. घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, आणि ऊन आता पानांतून थेट घरट्यावर आलं होतं.

"निघायचं का, अत्वूकी?" मी हळूच विचारलं.

तिने वरची नजर काढली नाही.

"थांब गं जरा," ती म्हणाली. "म्हातारी आहे. उतरायला वेळ लागत असेल."